बाधलेलं सॅलड

भगवान रोकडे अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाला, तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं होतं की आता हा माणूस निदान घरातले पंखे तरी पुसेल. पंखे त्याने पुसले नाहीत. तो सॅलड करायला लागला.

झालं होतं एवढंच की साखर थोडी वर दिसतेय, जेवणाआधी कच्चं काहीतरी खात जा, असं डॉक्टरांनी त्याला जाता जाता सांगितलं. दुसऱ्या कुणी घरी येऊन एक काकडी चिरून खाल्ली असती. भगवानने त्या एका वाक्याचं मिशन केलं. बदलापूर पूर्वेला, शिरगावातल्या त्यांच्या वन बीएचकेच्या किचनमध्ये चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे त्याला उभ्या संसारात माहीत नव्हतं. आता तिथे तो रोज सकाळी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा राहायचा आणि त्यातला दाढीवाला पोरगा सांगेल तसं चिरायचा. पोरगा म्हणाला ज्युलियन, की हा काड्या-काड्या करून ज्युलियन. पोरगा म्हणाला सॉल्ट टू टेस्ट, की हा शीलाला हाक मारून विचारायचा, मीठ कुठेय.

शीला उल्हासनगरच्या एका शाळेत ऑफिसात क्लार्क होती. मे महिना, शाळेला सुट्टी, त्यामुळे हा सोहळा तिला रोज बघावा लागायचा. सॅलड व्हायचं एक वाटीभर आणि घासायला निघायचा ओटाभर पसारा. सोलाणं वेगळं, किसण्या वेगळ्या, ड्रेसिंग हलवायची बाटली वेगळी. वर तो पाहुण्यांना सांगायचा की उन्हाळ्यात यासारखं सोपं आणि स्वस्त काही नाही, घरच्या घरी होतं, बायकांना उगाच गॅससमोर उभं राहायची सवय लागलीय. या स्वस्त सॅलडसाठी तो दोनदा उल्हासनगरच्या मार्केटला जाऊन आला होता. जांभळी कोबी, ऑलिव्ह ऑइलची चपटी बाटली आणि पालेभाजी गरगर फिरवून सुकवायचं एक प्लॅस्टिकचं भांडं तिथून आलं. त्या भांड्यात शीलाने दुसऱ्या आठवड्यात कांदे भरले.

शीलाची स्वतःची उन्हाळ्यातली कोशिंबीर त्याच्या डोळ्यांदेखत रोज व्हायची, पण ती त्याला कधी दिसली नाही. ती काकडी कोचवायची, थोडी पिळून पाणी बाजूला काढायची आणि ते पाणी कणकेत टाकायची. काकडीत बारीक चिरलेला कांदा, असली तर कैरी किसून, दाण्याचं कूट, वरून मोहरी, हिंग नि हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी. मीठ पानं वाढताना, नाहीतर सगळं पाणी पाणी होतं. सासूबाईंना दात उरले नव्हते, पण एवढी कोचवलेली काकडी त्या हिरड्यांनी मजेत खायच्या. या पदार्थाला भगवान साइड डिश म्हणायचा.

सासूबाई म्हणजे सुंदराबाई. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन घरोघर विकली आणि त्या टोपलीवर मुलाला आयटीआयपर्यंत शिकवलं. आता त्या हॉलमधल्या दिवाणावर बसून असायच्या. मुलगा काचेच्या बाउलमध्ये पानं उलटीपालटी करताना दिसला की त्या तोंड भिंतीकडे वळवायच्या. बोलायच्या काही नाहीत. न बोलता माणसाला कस्पटासमान करणं त्यांना चांगलं जमायचं, आणि भगवानला ते दिसत नसे, कारण त्याचं लक्ष बाउलमध्ये असायचं.

एवढं घरातल्या घरात चाललं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमध्ये भगवानने सॅलडवर बोलायला सुरुवात केली, आणि त्या ग्रुपमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी शेलार होते. शेलारांना सोसायटीत सतत काहीतरी कार्यक्रम लागायचा, म्हणजे लिफ्ट का बंद आहे हे कुणी विचारत नसे. त्यांनी शनिवारी संध्याकाळी गच्चीवर ‘उन्हाळा आणि आरोग्य’ असा कार्यक्रम ठरवला. प्रमुख वक्ते, श्री. भगवान रोकडे. विषय, स्वस्त आणि सोपं घरगुती सॅलड. शेवटी सगळ्यांना चव.

तो बोर्ड लिफ्टजवळ लागल्यापासून भगवानला जमिनीचा स्पर्श होईना. त्याने भाषण पाठ केलं. आरशासमोर उभं राहून ‘मित्रहो’ म्हणून पाहिलं. एवढ्या माणसांसाठी लागणाऱ्या काकड्या त्याने चंद्रीकडून घेतल्या. चंद्री बारवीकडच्या एका वाडीवरची. उन्हाळाभर ती काकड्या, कैऱ्या, करवंदं टोपलीत घालून पहाटेच्या टेम्पोने यायची नि त्यांच्या गेटशी बसायची. शीला नेहमी तिच्याकडूनच घ्यायची, कारण तिच्या काकड्या कडू निघत नसत. भगवानने तिच्याशी घासाघीस करून टोपली जवळजवळ रिकामी केली आणि वर तिला सांगितलं की तुझ्या काकड्या स्टेजवर जाणार आहेत. चंद्रीने पदराला हात पुसले आणि पैसे मोजले.

ड्रेसिंगसाठी त्याने गुरुवारी रात्री भरपूर दही फडक्यात बांधून टांगलं आणि सकाळी त्याचा चक्का फ्रीजमध्ये ठेवला. शुक्रवारी लाइट गेली. सकाळी गेली ती दिवे लागायच्या वेळेला आली. बाहेर ऊन असं की गॅलरीतल्या तुळशीची पानं वळली. शनिवारी सकाळी शीलाने फ्रीज उघडला आणि डब्याचं झाकण काढलं. तिने वास घेतला नि डबा तसाच त्याच्यासमोर नेला. हे टाकून द्या, दही उतरलंय, असं तिने सांगितलं. भगवानने बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले, आणि परदेशात याला सॉवर क्रीम म्हणतात, ते असंच लागतं, असं तिला समजावलं. मग त्याने त्यात साखर, पुदिना आणि ठेचलेला लसूण घातला. वास लसणाखाली गेला.

शीलाने पुन्हा सांगितलं नाही. इतक्या वर्षांत या माणसाला एखादी गोष्ट दोनदा सांगणं तिने सोडून दिलं होतं. दुपारी कार्यक्रमासाठी आणलेल्या काकड्यांतल्या दोन घेऊन तिने नेहमीची कोशिंबीर केली, ती आणि सासूबाई जेवल्या. भगवान जेवला नाही. वक्त्याने पोट हलकं ठेवावं म्हणून.

गच्चीवर खुर्च्या भरल्या. लोकांना आरोग्याची काळजी होती म्हणून नव्हे, तर वर वारा असतो म्हणून. भगवानने माइक हातात घेऊन फायबर, टॉक्सिन, मेटाबॉलिझम असे शब्द एकामागून एक सोडले. एकाचा अर्थ विचारला असता तर बिचाऱ्याची धांदल उडाली असती, पण विचारणार कोण? समोरच्या बायका मुलांना पाणी पाजत होत्या, पुरुष मोबाइल बघत होते. तो काकड्या चिरत होता आणि शेलार फोटो काढत होते. मग चक्क्याचं ते ड्रेसिंग सगळ्यावर ओतलं गेलं, हातपंख्याएवढ्या मोठ्या डावाने कालवलं गेलं, आणि कागदी द्रोणांतून वाटलं गेलं. फुकटचं आहे म्हटल्यावर ज्यांनी घरी कधी काकडी तोंडाला लावली नव्हती त्यांनीही दोन-दोन द्रोण घेतले. वक्ता स्वतः वाढत होता, कौतुक घेत होता. त्याला खायला सवड झाली नाही. शीला मागच्या रांगेत हातात द्रोण धरून बसली होती. तिने तो खुर्चीखाली सरकवला.

रविवारी उजाडताना बिल्डिंगमधले फ्लश थांबेनात. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब. मुलं कोमेजून पडली. पहिल्या मजल्यावरच्या वेणूताई एकट्या राहायच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना चक्कर आली म्हणून शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या रात्री भगवानचे फोटो आणि टाळ्यांचे हात होते. त्यांच्याखाली आता लोक ओआरएस कुणाकडे आहे का, असं विचारत होते.

भगवान ठणठणीत होता. तो घरभर फेऱ्या मारत होता. तो दह्याचं काही बोलेल, अशी वाट शीला बघत राहिली. सोमवारी संध्याकाळी शेलारांनी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. लोक फिकुटलेल्या चेहऱ्यांनी आले. काय बाधलं असेल, अशी चर्चा सुरू झाली, आणि दोघा-तिघांच्या नजरा भगवानकडे वळायला लागल्या. तेव्हा तो उभा राहिला.

त्याने माइक मागितला नाही, पण आवाज गच्चीवरचाच लावला. तो म्हणाला, “मला वाटतं प्रॉब्लेम काकडीत होता. ती बाई कुठून माल आणते आपल्याला ठाऊक नाही. हे लोक नाल्याचं पाणी मारतात. हातसुद्धा धूत नसतील. मी तर विश्वासाने घेतल्या.”

हे ऐकून पार्किंगमध्ये एक सुटकेचा श्वास फिरला. आपल्यातल्या कुणावर येत नव्हतं ना, मग झालं. एका बाईंना आठवलं की तिच्या टोपलीवरचं फडकं मळकं असतं. एका गृहस्थांनी मॉलची भाजी महाग असली तरी सेफ असते, असं मत दिलं. हे गृहस्थ मॉलमध्ये फक्त एसीसाठी जात. शेलारांनी ताबडतोब ठराव मांडला की बाहेरच्या भाजीवाल्यांना गेटपाशी बसू द्यायचं नाही. हात वर झाले. शीलाचा हात वर गेला नाही, पण तोंडही उघडलं नाही. तिला नवऱ्याच्या खोटेपणाचं आश्चर्य वाटलं नव्हतं. तो तेवढाच निघेल हे तिला ठाऊक होतं. तिला आश्चर्य वाटलं ते त्याच्या चेहऱ्याचं. बोलून झाल्यावर तो खरोखरच अन्याय झालेल्या माणसासारखा दिसत होता. म्हणजे एवढ्यात त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

मंगळवारी सकाळी चंद्री आली आणि नेहमीच्या जागी टोपली उतरवायला लागली. वॉचमनने तिला थांबवलं. ती कारण विचारायला लागली तेव्हा वॉचमन गांगरला, कारण तोही तिच्याकडून रोज एक कैरी फुकट घ्यायचा. तेवढ्यात भगवान वॉकवरून परतला. त्याने गेटशी उभं राहून चंद्रीला सांगितलं की तुझ्या काकड्यांनी माणसं दवाखान्यात पोचली, आता इथे दिसू नकोस. शीला गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिला वरून सगळं ऐकू आलं.

चंद्रीने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग तिने विचारलं, “मेला का कोणी?”

नाही, असं काहीसं भगवान पुटपुटला.

“मग ठीक हाय,” चंद्री म्हणाली. तिने चुंबळ डोक्यावर नीट केली, टोपली उचलली आणि गेली. वॉचमनला तिने हात लावायला बोलावलं नाही.

भगवान घरात आला तो फुशारून. बूट काढता काढता त्याने आईला सगळं सांगितलं, कसं स्पष्ट बोललो, कसं सोसायटीच्या हिताचं केलं. असल्या लोकांच्या हातचं धुवून घेतलं तरी भरवसा नाही, असंही तो म्हणाला. सुंदराबाई दिवाणावर पाय सोडून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

“कॅम्प पाचच्या त्या पिवळ्या बिल्डिंगीतली बाई हेच बोलली होती,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातची मेथी तिनं जिन्यावर ओतली. तू मांडीशी उभा होतास. सगळ्या काड्या वेचून दिल्यास मला. इसरलास?”

भगवान मोजा काढायला वाकला होता. ते वेगळं होतं आई, असं तो म्हणाला. सुंदराबाईंनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्या दुपारी भगवानने नेहमीसारखी काकडी चिरून त्यांच्यासमोर वाटी ठेवली. त्यांनी ती हाताच्या पालथ्या बाजूने सारली. नंतर शीलाने केलेली कोशिंबीर त्या जेवल्या.

शीलाला वाटलं, आता तरी तो खाली जाऊन शेलारांशी बोलेल. तो टीव्ही बघत बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. ग्रुपवर कुणीतरी त्याला, काका, तुमच्यामुळे खरं कारण कळलं, असं लिहिलं आणि त्याने त्यावर हात जोडलेलं चित्र पाठवलं. शीलाने ते बघितलं. तिच्या मनात रागापेक्षा शिसारी जास्त होती. चूक केली असती, घाबरला असता, गप्प बसला असता, तर ती त्याला भित्रा म्हणून सोडून देणार होती. पण हा तर त्या खोटेपणाचे आभार स्वीकारत होता.

तिने मोबाइल उचलला, ग्रुप उघडला आणि बटण दाबून बोलायला लागली. भगवान दोन हातांवर सोफ्यावर होता. ती आधी घरात कुणाशी तरी बोलतेय असं त्याला वाटलं.

“मी बी विंगमधली शीला रोकडे. सॅलडने ज्यांना त्रास झाला त्यांना सांगायचंय. काकड्या चांगल्या होत्या. त्याच काकड्यांची कोशिंबीर मी आणि आमच्या आईंनी त्या दुपारी खाल्ली, आम्हाला काही झालं नाही. खराब होतं ते दही. शुक्रवारी लाइट नव्हती, दिवसभर फ्रीज बंद होता. दह्याला वास येत होता, मी मिस्टरांना सांगितलं, त्यांनी तेच वापरलं. मी पण गच्चीवर येऊन कुणाला अडवलं नाही. त्या भाजीवाल्या बाईंचा यात काही संबंध नाही. त्यांना गेटवर बोलले ते खोटं बोलले. एवढंच.”

ती बोलत असतानाच भगवान उठला होता, पण तिने बोट काढलं आणि मेसेज गेला. क्षणभराने त्याच्याच खिशातला मोबाइल वाजला. मग भिंतीपलीकडच्या घरातून शीलाचाच आवाज ऐकू आला, मग खालच्या मजल्यावरून. मी बी विंगमधली शीला रोकडे. मी बी विंगमधली शीला रोकडे. उकाड्यामुळे सगळ्यांची दारं-खिडक्या उघडी होती. भगवान हॉलच्या मधोमध उभा राहून ते ऐकत होता.

घरातली गोष्ट घरात बोलायची असते, असं तो शेवटी म्हणाला.

“तुम्ही घरातलं दही चंद्रीच्या टोपलीत टाकलंत,” शीला म्हणाली. “मी ते काढून परत आणलं.”

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. हे तिला शिक्षा म्हणून होतं. किती शांत वाटतंय हे शीलाने त्याला कळू दिलं नाही.

सोसायटीने काय केलं? काही नाही. निळ्या खुणा झाल्या, सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि अर्ध्या तासाने कुणीतरी गुलाबाच्या फुलाचं शुभ संध्याकाळ पाठवलं. फक्त वेणूताईंनी फोन केला. त्या दवाखान्यातून घरी आल्या होत्या. बरं केलंस, मला पहिल्या घासालाच कळलं होतं, पण रोकडे इतक्या प्रेमाने वाढत होते की नाही म्हणवेना, असं त्या म्हणाल्या. इतर लोक लिफ्टमध्ये शीला दिसली की मजल्यांचे आकडे वाचायचे. दोषी भगवान निघाला याचं त्यांना दुःख नव्हतं. ठरावाला हात वर करून बसले होते आणि आता ते खाली कसे घ्यायचे, ही अडचण होती. तेव्हा त्यांनी शीलालाच दीडशहाणी ठरवलं. नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणारी बाई, असं तिसऱ्या मजल्यावर बोललं गेलं आणि पाण्याच्या टाकीच्या पाइपमधून यावं तसं ते खाली आलं.

शीला शेलारांकडे गेली. गेटवर भाजीवाल्यांना मनाई असा लोखंडी बोर्ड लागला होता, तो काढा, असं तिने सांगितलं. शेलारांनी तिला बसवून सरबत दिलं. बोर्डाचे पैसे गेलेत, रंगही चांगला बसलाय, आणि लोकांना गेट मोकळं बरं वाटतंय, असं ते म्हणाले. पण तुमची इच्छा असेल तर त्या बाईला यायला सांगा, आपण चालवून घेऊ, वॉचमनला मी बोलतो. शेलार हे अशा सुरात म्हणाले की जणू चंद्रीला त्यांनी आपल्या खिशातून काही काढून दिलं होतं. शीलाला तो सूर आवडला नाही. तरी काम झालं, असं मनाशी म्हणत ती बाहेर पडली.

चंद्री आता कुठे बसते हे रिक्षावाल्यांना ठाऊक होतं. आपटेवाडीच्या नाक्यावर, बंद पडलेल्या एका टेम्पोच्या सावलीत तिने टोपली मांडली होती. समोर दोन स्कूटर आणि एक कार थांबली होती. कारमधली बाई काच अर्धी खाली घेऊन करवंदं मागत होती. शीला त्यांचं होईपर्यंत उन्हात उभी राहिली. मग पुढे होऊन तिने चंद्रीला सगळं सांगितलं. दही खराब होतं, आता सगळ्यांना कळलंय, मी स्वतः सगळ्यांना सांगितलंय, सेक्रेटरींशीही बोलले आहे. उद्यापासून ये, तुला कुणी अडवणार नाही.

चंद्री काकड्यांची रास लावत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“कशाला येऊ?” ती म्हणाली.

शीलाला वाटलं तिला नीट कळलं नाही. ती पुन्हा सांगायला लागली की चूक तुझी नव्हती हे आता सगळ्यांना मान्य आहे.

“माझी चूक नाय ते मना पयल्यापासून म्हायती,” चंद्री म्हणाली. “तुम्ही कोणाला सांगितलं, त्याचं मना काय? तुमच्या बिल्डिंगीत एका काकडीला चार बाया उतरतात. एक दाबून बघतं, एक चाखून बघतं, एक उद्या पैसे देतं. नि तुमचा वॉचमन रोज कैरी खातं. इथं गाडी थांबवतात, घेतात, जातात. तोंड पण बघत नाय कोण माझं. बरं हाय.”

इथे येताना रिक्षात शीलाने मनातल्या मनात चंद्रीचा चेहरा रंगवून ठेवला होता, आणि तो असा नव्हता. तिने काकड्या मागितल्या. चंद्रीने तोलून दिल्या. पूर्वी वर एखादी काकडी टाकायची, ती टाकली नाही. शीलाने पिशवी घेतली, आणि मागच्या स्कूटरवाल्याने ताई जरा बाजूला, असं म्हटल्यावर ती बाजूला झाली.

घराकडे चालताना तिला आधी संताप आला. केवढा माज, एवढं हिच्यासाठी केलं, घरात वैर घेतलं, आणि ही सरळ बघतसुद्धा नाही. मारुतीच्या देवळापर्यंत ती असंच मनाशी चिडत आली. मग तिला जाणवलं की हे वाक्य तिसऱ्या मजल्यावरच्या कुठल्याही बाईच्या तोंडी चाललं असतं, आणि ती स्वतःवरच वैतागली. आपण त्या बाईसाठी केलं म्हणजे काय केलं? खरं होतं ते सांगितलं. त्याचं बक्षीस चंद्रीने द्यावं, अशी अपेक्षा घेऊन आपण भर उन्हात शेलारांच्या निरोप्यासारखे तिथवर गेलो. शेलार काय आणि आपण काय.

त्या दुपारी तिने काकड्या कोचवल्या, पाणी पिळलं, कांदा चिरला. कूट घातलं, फोडणी दिली. भगवान टेबलाशी येऊन बसला. त्याचं मोबाइलमधल्या पोराशी बिनसलं असावं, कारण त्याने कित्येक दिवसांत काही चिरलं नव्हतं. त्याने कोशिंबीर वाढून घेतली, खाल्ली आणि पुन्हा घेतली. मग अबोला सोडायला हे बरं निमित्त आहे असं वाटून त्याने विचारलं, काकड्या कुठल्या?

“चंद्रीच्या,” शीला म्हणाली. “आपटेवाडीच्या नाक्यावर बसते. माफी मागायची असेल तर सकाळी असते.”

भगवानने घास गिळला. बघू, म्हणाला. पानातली कोशिंबीर मात्र त्याने शेवटच्या दाण्यापर्यंत निपटली. सुंदराबाई त्याचं ते निपटणं बघत होत्या.

जूनमध्ये शीलाची शाळा उघडायची होती. पुस्तकांचे गठ्ठे यायचे म्हणून तिला आधीच बोलावलं. सकाळी ती शेअर रिक्षाने स्टेशनला निघाली, तेव्हा आपटेवाडीच्या नाक्याआधी तिला भगवान दिसला. डोक्याला टोपी, पायात वॉकचे बूट. तो फुटपाथवरून सरळ चंद्रीच्या दिशेने चालला होता. क्षणभर शीलाला वाटलं, चालला वाटतं. तिने रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगितलं.

नाका जवळ आला तसा भगवानने टोपी खाली ओढली. मग त्याने रस्ता ओलांडला, पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरच्या आडून मान पुढे काढून बघितलं, आणि टँकरच्या मागून वाकून, चिखलातून बूट भरवत, तो नाका पार करून गेला. एवढ्या सगळ्या सर्कशीची काहीच गरज नव्हती. चंद्री एका स्कूटरवाल्याला कैऱ्या निवडून देत होती. तिने त्या बाजूला बघितलंही नाही.

शीलाच्या शेजारची सीट रिकामी होती. रिक्षावाल्याने विचारलं, ते समोरचे काका ओळखीचे आहेत का, घ्यायचं का त्यांना.

“नको,” शीला म्हणाली. “ते चालत जातील.”